वजनकाटा आणि थर्मास

मोहोराचा वास आला की माझ्या दवाखान्यात पोटं दुखायला लागतात. हे कुठल्या वैद्यकीय पुस्तकात लिहिलेलं नाही. पण डोंबिवली पूर्वेच्या एकाच गल्लीत सत्तावीस वर्षं दवाखाना चालवल्यावर काही गोष्टी पुस्तकाबाहेरच्याही कळतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आंब्याचं झाड उरलं आहे, बहुधा कुणा बिल्डरच्या नजरेतून सुटलेलं. फेब्रुवारीच्या शेवटी ते मोहरतं. पहाटे पायावर चादर ओढावी लागते, दुपारी पंखा पाचावर करावा लागतो, आणि नेमक्या याच दिवसांत दहावी-बारावीची मुलं आईच्या मागे लपत येतात आणि म्हणतात, "पोटात दुखतंय."

कुठे दुखतंय विचारलं की ती सगळ्या पोटावरून हात गोल फिरवतात. भूमितीचं पोट वेगळं, इंग्रजीचं वेगळं. भूमितीच्या पोटाला मळमळ असते. इतिहासाच्या पोटाला नुसताच कंटाळा असतो, तो मी ओळखते आणि घरी पाठवते. बाहेर बाकड्यावर बसलेल्या आया एकमेकींना सांगत असतात की आमच्याकडे टीव्हीची केबल काढून टाकली आहे, आणि मुलं मान खाली घालून मोबाइल बघत असतात. मी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी लिहून देते, अगदी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर. तोंडी सांगितलेलं कुणी करत नाही, लिहून दिलेलं मात्र तीन वेळा घेतात.

परवा पुन्हा तो वास आला आणि मला दोन वर्षांपूर्वीचा मोसम आठवला. त्या मोसमात एका माणसाला मी हसत हसत घरी पाठवलं होतं, आणि तो मनातून मरायला निघाला होता. तो जगला. हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याला धास्तीत ठेवणं माझ्या धंद्यात बसत नाही. त्यांचं नाव मी बदललं आहे. त्यांनी स्वतः लिहायला परवानगी दिली, अट एकच घातली की थांब्यांचा किस्सा गाळायचा नाही. तो पुढे येईल.

आधी मंदाताईंबद्दल. मंदाताई माझ्याकडे नोकरी करतात असं कागदावर आहे. प्रत्यक्षात मी त्यांच्याकडे करते. शीळफाट्याजवळच्या एका आगरी गावातून त्या रोज येतात. नंबर देणं, केसपेपर काढणं, बीपी घेणं, वजन करणं आणि उशिरा येणाऱ्यांना ओरडणं ही सगळी खाती त्यांची. हिवाळा संपता संपता त्या घरच्या वालाच्या शेंगा आणतात आणि पेशंटच्या समोर मला वाटा देतात, त्यामुळे माझा जो काही दरारा असतो तो तिथेच संपतो.

त्या वर्षी जानेवारीत ठाण्याला फॅमिली डॉक्टरांसाठी एक प्रशिक्षण होतं. विषय होता, आत्महत्येचा विचार मनात असलेला पेशंट आपल्या दवाखान्यात कसा ओळखायचा. मी गेले ती खरं सांगायचं तर दोन कारणांनी. एक म्हणजे जेवण चांगलं असतं, आणि दुसरं म्हणजे शिकवायला डॉक्टर ऋता होती. ऋता आता ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ आहे. लहानपणी तिच्या नाकात हरभरा गेला होता तो मी काढला होता. हरभरा काढलेल्या मुलीचं भाषण ऐकायला कुणाला आवडणार नाही?

ऋता म्हणाली की असे लोक मानसोपचारतज्ज्ञाकडे नंतर जातात, आधी तुमच्याकडे येतात. डोकं दुखतंय, झोप नाही, ॲसिडिटी होतेय असं सांगतात. तुम्ही विचारलंत तर खरं सांगतात. नाही विचारलंत तर ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी जातात. मी हात वर केला. म्हटलं, "अगं, मी चेहरा बघून ओळखते. इतकी वर्षं काय केलं मग?"

"मॅडम, बीपी चेहरा बघून ओळखता का?" तिने विचारलं.

सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं. मग एका सर्जननी विचारलं की असं विचारल्याने उलट मनात नसलेलं खूळ शिरणार नाही का. ऋता म्हणाली, नाही शिरत. उलट कुणीतरी विचारलं यानेच माणसाला हायसं वाटतं. तिने प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. त्यावर दोन साधे प्रश्न होते. गेल्या काही दिवसांत जगणं नकोसं वाटलं का? आपलं आयुष्य संपवावं असा विचार आला का? "प्रत्येकाला विचारा," ती म्हणाली. "बीपीसारखं. निवडून विचारू नका."

मी तो कागद पर्समध्ये घातला आणि पुऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

आमच्याकडे एक रीत आहे. आजारी एक असतो आणि आत चौघं येतात. सुनेला ताप असेल तर सासू येते, नवरा येतो, आणि शेजारच्या काकू येतात कारण त्यांना याच बाजूला काम असतं. पार्टिशनच्या वरच्या भागाला काच आहे आणि खालच्या भागाला प्लायवूड, त्यामुळे बाकड्यावरचे लोकही जवळजवळ आतच असतात. कुणाला किती जुलाब झाले हे गल्लीला माझ्या आधी कळतं. मी या रीतीवर कधी विचारच केला नव्हता. फेब्रुवारीच्या अखेरीस ऋताचे दोन प्रश्न मी या जत्रेत विचारायला लागले.

पहिल्या दिवशी सांधेदुखीच्या एका आजींना विचारलं, "जगणं नकोसं होतं का हो कधी?" तर आजींचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर, माझे रिपोर्ट इतके वाईट आलेत?" त्यांची समजूत घालण्यात दहा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी एका सुनेला विचारलं, तर सासूबाईंनी उत्तर दिलं, "तिला कशाला नकोसं होईल? घरात मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे." एका नवऱ्याने बायकोच्या वतीने 'नाही' म्हटलं आणि वर मला दम दिला, "मॅडम, सर्दीला आलोय आम्ही." बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, "मला विचारा, मला वाटतं, लाइट बिल आलं की." पुन्हा हशा. आठवडाभरात सगळ्या केसपेपरांवर दोन्ही प्रश्नांपुढे 'नाही' लिहिलेलं होतं. माझ्या मते आमची गल्ली जगातली सगळ्यात सुखी गल्ली ठरत होती.

त्याच आठवड्यात गायकवाड आले. त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं, दहावीचं पोट दुखत होतं.

गायकवाड एसटीच्या खोपट डेपोतले, लाल गाडीचे ड्रायव्हर. लांब पल्ल्याच्या गाड्या चालवलेले, आवाज मोठा, आणि बाकड्यावर बसले की बाकीचे आपलं दुखणं विसरावेत इतकं बोलणारे. घाटात गाडीसमोर बैल बसला त्याची गोष्ट त्यांनी माझ्या दवाखान्यात निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी बैल थोडा मोठा व्हायचा. साखरेमुळे त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांना स्टिअरिंगवरून काढून डेपोतल्या टेबलावर बसवलं. तो नियमच आहे आणि बरोबरही आहे. नजरेचा दाखला मीच पुढे पाठवला होता. आता ते दिवसभर वहीत गाड्या आल्या-गेल्याच्या नोंदी करायचे. "बसल्या जागी सगळ्या महाराष्ट्रात जाऊन येतो," असं सांगायचे आणि हसायचे.

प्रज्ञाला मी लिंबूपाणी लिहून दिलं. मग गायकवाडांची साखर बघितली, ती चढलेली होती. झोप? "टेबलावर येते, बिछान्यात नाय येत." बाकडं हसलं. मी ऋताचा कागद पुढे ओढला आणि मुलगी शेजारी बसलेली असताना, पार्टिशनपलीकडे अकरा माणसं असताना विचारलं, "गायकवाड, जगणं नकोसं वाटतं का कधी?"

त्यांनी एकदा प्रज्ञाकडे बघितलं. मग मोठ्याने म्हणाले, "काय मॅडम! मी गेलो तर हिला पेपराला सोडायला कोण जाणार? डोंबिवलीत सकाळी रिक्षा मिळते का?"

सगळे हसले. प्रज्ञा लाजून हसली. मी हसले आणि 'नाही' लिहिलं. तो केसपेपर अजून माझ्याकडे आहे. मी तो मुद्दाम ठेवला आहे आणि अधूनमधून बघते. माझ्याच अक्षराची मला लाज वाटते.

जाताना त्यांनी मंदाताईंच्या टेबलावर एक थर्मास ठेवला. जुना, निळा, झाकणाला पोचा आलेला, पण आत घातलेला चहा सहा तास वाफाळता ठेवणारा. अनेक वर्षं त्यांच्या सीटमागे तो थर्मास असायचा. "ठेवा ताई तुम्हाला. तुमचा चहा नेहमी गार असतो. मला आता कुठे लागतोय?" मंदाताई खूश झाल्या. मी खूश झाले. टपरीवरून सकाळी आणलेला चहा अकरा वाजता गरम प्यायला मिळणं हे डॉक्टरला काय सुख असतं ते डॉक्टरलाच माहीत. पुढचे कितीतरी दिवस मी त्या थर्मासमधला चहा प्याले आणि कुणी दिला, का दिला हे विचारायचं मला सुचलं नाही.

माझ्या सुखी गल्लीचा भंडाफोड केला तो मंदाताईंनी. एका दुपारी केसपेपर लावता लावता त्या म्हणाल्या, "डाक्टरबाय, ह्ये सगले खोटा बोलतान."

"कशावरून?"

"मना सांगतान ना खरा. काट्यावर."

आमचा वजनकाटा मागच्या खोलीत आहे, त्याला इतिहास आहे. पूर्वी तो पुढेच होता. मग एकदा एका सासूने सुनेचं वजन सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं, सुनेने सासूला काट्यावर उभं राहायचं आव्हान दिलं, आणि पुढे जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून मंदाताईंनी काटा मागच्या खोलीत नेला, दार लावायला सुरुवात केली आणि नियम केला की एका वेळी एकच माणूस आत. हा नियम कुणी मोडत नाही. सासू नाही, नवरा नाही, शेजारच्या काकू तर नाहीतच, कारण उद्या पाळी आपली असते हे सगळ्यांना माहीत आहे. अख्ख्या दवाखान्यात माणूस एकटा असतो अशी ती एकच जागा. आणि ही गोष्ट माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती.

"तिथं मानूस खाली बगतो ना, आकड्याकडं," मंदाताई म्हणाल्या. "तोंडाकडं बगायला लागत नाय. मंग बोलतो. तुमचा सवाल हितं विचारा. हितं कोनाची सासू येत नाय."

मी म्हटलं ठीक आहे, उद्यापासून बघू. तर त्यांनी माझा दंड धरून मला मागच्या खोलीत नेलं. "आदी तुमी उब्या रवा. तुमाला जमताय का बगू."

मी काट्यावर उभी राहिले. वजन वाढलेलं होतं, ते जाऊ दे. मंदाताईंनी दार लावलं आणि ऋताचा पहिला प्रश्न विचारला. मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. माझे यजमान गेले ते वर्ष मला आठवलं. त्या वर्षी मी रोज वेळेवर दवाखाना उघडला, एकही सुट्टी घेतली नाही, आणि कितीतरी संध्याकाळी मला वाटायचं की आता पुरे. त्या वेळी मला कुणीही विचारलं नव्हतं. डॉक्टरला कोण विचारणार? "तेव्हा वाटलं होतं," मी आकड्याकडे बघत म्हटलं. "आता नाही वाटत." मंदाताईंनी माझ्या हातात चहा दिला, थर्मासमधला.

आणि तो कप हातात घेऊन मी पहिल्यांदा विचारलं, "मंदाताई, हा थर्मास कुठून आला?"

त्यांनी सांगितलं. "मला आता कुठे लागतोय" हेही सांगितलं. मी ऋताचा कागद काढून उलटला. मागच्या बाजूला, पुऱ्यांच्या घाईत मी जी बाजू वाचलीच नव्हती, तिथे लक्षणांमध्ये लिहिलेलं होतं की माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू देऊन टाकायला लागतो. मी कप तसाच खाली ठेवला.

त्या दिवशी प्रज्ञाचे दोन पेपर उरले होते. हे मला ठाऊक होतं, कारण गल्लीतल्या प्रत्येक मुलाचं वेळापत्रक माझ्या टेबलाच्या काचेखाली असतं. मंदाताईंनी लगेच फोन लावला आणि जे ठोकून दिलं ते मी कधी विसरणार नाही. "गायकवाडभाव, तुमचा वजन लिवायचा राहिला. डाक्टरबाय मना वरडतान. आताच्या आता या."

ते आले. अर्थात एकटे नाही, आमची रीत आहे ना. सोबत बायको सुनंदा आणि हातात इतिहासाचं पुस्तक घेतलेली प्रज्ञा. मंदाताईंनी मागच्या खोलीच्या दारात हात आडवा लावला. "एकेक. काटा बिघरताय." आणि गायकवाडांच्या मागोमाग मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या खोलीला एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून मोहोराचा वास येत होता. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या. गायकवाड चपला काढून काट्यावर उभे राहिले, काटा थरथरला आणि थांबला. तीन महिन्यांत सात किलो कमी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता, आकड्याकडे बघत विचारलं, "गायकवाड, मागच्या वेळी मी सगळ्यांसमोर विचारलं, ते चुकलं माझं. आता पुन्हा विचारते. आयुष्य संपवावं असं मनात येतं का?"

बाहेर मंदाताई कुणाला तरी ओरडत होत्या.

"मॅडम, त्या दिवशी मी खोटं नाय बोललो," ते म्हणाले. तोच मोठा आवाज आता ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. "पेपराला सोडायला जायचंच होतं. पेपर संपल्यावरचं तुम्ही विचारलंच नाय."

मी तिथे असलेल्या स्टुलावर बसले आणि त्यांना म्हटलं, खाली उतरा, बसा. ते सांगत राहिले. गाडी गेली तशी झोप गेली. डेपोत सगळे चांगले वागतात, त्याचाच त्रास होतो. घरात आपण पंख्यासारखे नुसते लटकलोय असं वाटतं, मग हसवत राहायचं म्हणजे कुणाला कळत नाही. कारण एकच नव्हतं. कधीच नसतं. काय करायचं ठरवलं आहे का, हेही मी विचारलं. त्यांनी सांगितलं. ते इथे लिहायचं कारण नाही. सांगून झाल्यावर त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "बोललो बघा. इतके दिवस वाटायचं, बोललो तर आभाळ कोसळेल."

"कोसळलं का?"

"नाय. तुमचा पंखाच आवाज करतोय नुसता."

आम्ही दोघंही हसलो, आणि या वेळचं हसू मला लाज वाटण्यासारखं नव्हतं.

बाहेर तोवर चौदा माणसं जमली होती. त्यांची कुरकुर मला ऐकू येत होती. मग मंदाताईंचा आवाज आला, "काट्याचा काम निघालाय. टाइम लागेल. ज्याला घाई तो घरी जाव." कुणी गेलं नाही. आमच्या गल्लीतला माणूस नंबर सोडून जात नाही.

गायकवाडांना विचारूनच मी सुनंदाला आत बोलावलं. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. नवऱ्याच्या पाठीत एक हलकी चापट मारली आणि म्हणाली, "बैलाच्या गोष्टी सांगत बसता ना मला, आणि ही गोष्ट नाय सांगता आली?" मग रडली. काय काय हाताशी ठेवायचं नाही, घरातली औषधं कुणी सांभाळायची, त्यांना एकटं सोडायचं नाही, हे तिने एखाद्या कुशल नर्ससारखं ऐकून घेतलं. मी ऋताला फोन केला. ऋता म्हणाली, आज संध्याकाळी घेऊन या, मी थांबते. हरभरा काढल्याचं इतकं मोठं व्याज कुणाला मिळालं नसेल.

आता थांब्यांचा किस्सा. ऋताच्या कागदात असं होतं की पेशंटबरोबर बसून एक यादी करायची. वाईट विचारांची लाट आली की आधी काय करायचं, मग कुणाकडे जायचं, मग कुणाला फोन करायचा. मी लिहायला लागले तर गायकवाडांनी पेन माझ्या हातातून घेतलं. "मॅडम, असं नाय लिहीत. रूट असा लिहितात." आणि केसपेपरच्या मागे त्यांनी गाडीच्या पाटीच्या अक्षरात वरून खाली थांबे लिहिले. पहिला थांबा, तोंड धुऊन गॅलरीत. दुसरा, सुनंदा. तिसरा, तळमजल्यावरचे पाटील, कॅरम. चौथा, विठ्ठलवाडीचा मित्र, फोन. पाचवा, मॅडम. सहावा, ठाण्याच्या डॉक्टर. मी म्हटलं, दिवसरात्र चालणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा नंबरही लिहा आणि हॉस्पिटलही. तेही लिहिलं. मग सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'साधी गाडी'.

"विनाथांबा नाय मॅडम," ते म्हणाले. "सगळीकडे थांबणार. उशीर झाला तरी चालेल."

तो कागद त्यांच्या फ्रिजवर लागला. प्रज्ञाने त्याला प्लॅस्टिक लावून घेतलं. तिला किती सांगायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं, आणि पोरीने इतिहासाचा पेपर दिला. शेवटच्या पेपराला तिला सोडायला आई-वडील दोघं गेले, आणि पेपर सुटेपर्यंत दोघं तिथेच थांबले.

मी लगेच सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. एप्रिल वाईट गेला. औषधं सुरू झाल्यावरही काही दिवस ते बाकड्यावर गप्प बसायचे आणि बाकड्यालाही काय करावं कळायचं नाही. दोनदा ते चौथ्या थांब्यापर्यंत गेले, एकदा पाचव्या. त्या दिवशी मी जेवत होते, ताट तसंच ठेवून गेले. मंदाताई दर सोमवारी फोन करायच्या. ऋताच्या कागदात त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं. मंदाताई म्हणायच्या, "गायकवाडभाव, जेवलाव? काय जेवलाव? भाजी कसली?" आणि भाजीपासून सुरू करून बरोबर जिथे पोचायचं तिथे पोचायच्या. मे महिन्यात एकदा फोनवरून गायकवाडांचा मोठा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. बैलाची गोष्ट चालू होती. मला इतका आनंद झाला की मी समोरच्या पेशंटला चुकून लिंबूपाणी लिहून दिलं. तो कंबरदुखीचा होता.

थर्मास मंदाताईंनी लगेच परत करायला काढला होता. तो गायकवाडांनी घेतला नाही. "राहू दे ताई. तुमच्याकडे असला की मला यायला कारण." तेव्हापासून ते महिन्यातून एकदा साखर तपासायला येतात, मागच्या खोलीत जाऊन वजन करतात, तिथे माझ्या दोन प्रश्नांना उत्तरं देतात, आणि मग थर्मासमधला एक कप चहा पिऊन जातात. आता ते डेपोतल्या नव्या ड्रायव्हर मुलांना घाट शिकवतात, गाडीत शेजारी बसून. नजर अधू असली तरी वळणं पाठ आहेत. प्रश्न आता मी सगळ्यांनाच काट्यावर विचारते. 'हो' म्हणणारे आणखीही निघाले. आमची गल्ली जगातली सगळ्यात सुखी गल्ली नाही. पण खरं बोलणारी आहे, आणि मला ती आधीपेक्षा जास्त आवडते.

तर परवा मोहोराचा वास आला आणि गायकवाड आले. प्रज्ञा या वर्षी बारावीला आहे. तिचं पोट दुखत नव्हतं. गायकवाडांचं दुखत होतं. पोरीपेक्षा बापाला जास्त टेन्शन आलंय असं सुनंदाने बाकड्यावर जाहीर केलं. मी त्यांना लिंबूपाणी लिहून दिलं. मग मागच्या खोलीत ते काट्यावर उभे राहिले. सात किलो परत आलेत, वर दोन जास्त.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. ते म्हणाले, "नाय मॅडम. एक-दोनदा जरा काळं वाटलं जानेवारीत. दुसऱ्या थांब्यावर उतरलो."

"आणि पेपर संपल्यावर?" मी विचारलं. हा तिसरा प्रश्न ऋताच्या कागदात नाही. तो मी गायकवाडांकडून शिकले.

"पेपर संपल्यावर सीईटी. मग ॲडमिशन. मग पोरीला गावी न्यायचंय, घाटातून, मी शेजारी बसून." ते चपला घालता घालता थांबले आणि जरा संकोचाने म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. सेंटर कल्याणला आलंय. तीन-तीन तास बाहेर बसायला लागणार, आणि तिथे चहा भिकार मिळतो. तो थर्मास परत मिळेल का? मला लागणार आहे."

मी दार उघडून मंदाताईंना नुसती खूण केली. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, त्या ऐकतातच. त्यांनी थर्मास गरम पाण्याने दोनदा विसळला, पोचा आलेलं झाकण पदराने पुसलं आणि टपरीवरून चहा आणवून तो गळ्यापर्यंत भरून दिला. "रिकामा देव नये," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून केसपेपर लावायला लागल्या.

दवाखान्यातला चहा आता अकरा वाजेपर्यंत गार होऊन जातो. मी तो तसाच पिते.